‘स्टेट ऑफ द आर्ट’ म्हणजे नक्की काय हो? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

ह्या महिन्यात टपाल आणि ईमेल मिळून एकाच शब्दप्रयोगावर इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले. ‘स्टेट ऑफ द आर्ट’. हॉस्पिटलच्या फ्लेक्सवर आहे, बिल्डरच्या ब्रोशरमध्ये आहे, कॉलेजच्या ॲडमिशनच्या जाहिरातीत आहे, उद्घाटनाच्या भाषणात तर असतोच असतो. मला हा शब्दप्रयोग मनापासून आवडतो आणि तो असा कुठेही चिकटवला जातो ह्याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून ह्या वेळची उत्तरं जरा लांबलीत.

प्रश्न: ताई, मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा प्रोजेक्ट सोलर पॅनेल साफ करणाऱ्या रोबोवर आहे. रिपोर्टचा ड्राफ्ट दाखवला तर सरांनी लाल पेनाने लिहिलं, ‘स्टेट ऑफ द आर्ट कुठे आहे?’ आम्ही तर मोटरपासून सेन्सरपर्यंत सगळं लेटेस्ट वापरलंय आणि तसं लिहिलंही आहे. मग सरांना अजून काय पाहिजे?

उत्तर: सर तुमच्या मोटरबद्दल विचारतच नाहीयेत गं. ते विचारतायत की पॅनेलवरची धूळ काढायच्या कामात जगातले लोक आजपर्यंत कुठवर पोचलेत आणि कुठे अडलेत. तेवढं आधी सांगितलंस की तुमचा रोबो त्याच्यापुढे काय करतो ते कळेल, आणि ते नसेल तर रोबो कितीही छान पळू दे, तो नवीन आहे की आधीच कुणी केलेला आहे हे वाचणाऱ्याला कळायला मार्गच नाही.

आता शब्दाकडे येऊ. इथे ‘आर्ट’ म्हणजे चित्रकला नाही. इंग्रजीत ह्या शब्दाचा जुना अर्थ हुन्नर, कसब, एखादं काम करायची विद्या असा होता आणि ‘स्टेट’ म्हणजे त्या विद्येची सध्याची स्थिती. आपल्याकडेही कला हा शब्द असाच ऐसपैस होता, चौसष्ट कलांची यादी काढून बघ, त्यात गाणं-नाचणं आहे तसंच तक्षण म्हणजे सुतारकाम आहे, वास्तुविद्या आहे, धातुवाद आहे. सयाजीराव गायकवाडांच्या काळात बडोद्याला १८९० साली त्रिभुवनदास गज्जरांनी तांत्रिक शिक्षणाची संस्था उभी केली, तिचं नावच ‘कलाभवन’. दादासाहेब फाळके तिथे शिकलेत. आज बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची इंजिनिअरिंगची फॅकल्टी आहे ना, ती त्याच कलाभवनातून वाढलीय. तेव्हा आर्ट म्हटल्यावर इंजिनिअरने बिचकायचं काही कारण नाही.

आणि हा शब्दप्रयोग मूळचा कसा वापरला जायचा ते बघ, मला तर हे वाचून फार भारी वाटलं होतं. १९१० साली हेन्री हॅरिसन सप्ली नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने गॅस टर्बाइनवर पुस्तक काढलं. तेव्हा गॅस टर्बाइन म्हणजे नुसते प्रयोग चालू होते, जी यंत्रं बनली होती ती स्वतःचा कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून आत भरणारा भाग, फिरवण्यातच जवळपास सगळी ताकद संपवायची, बाहेर कामाला काही उरायचंच नाही. सप्लीने इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंडमधले महत्त्वाचे पेपर एका जागी गोळा केले आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं की विद्येची आज जी स्थिती आहे त्यात एवढंच करता येण्यासारखं आहे, पण पुढे काम करणाऱ्यांना ह्याचा उपयोग होईल. ‘विद्येची आजची स्थिती’ म्हणताना त्याने ‘स्टेट ऑफ द आर्ट’ हेच शब्द वापरलेत. म्हणजे आज जो शब्द छाती फुगवून वापरतात तो त्या माणसाने आपल्या विद्येची हद्द सांगायला वापरला होता, इथपर्यंत आलोय, ह्याच्या पुढचं अजून येत नाही. आणि पुढचं यायला बराच वेळ लागला, १९३९ साली स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेलला चार मेगावॉटचं गॅस टर्बाइनवरचं वीजकेंद्र चालू झालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीत पहिलं जेट विमान उडालं.

तुझ्याच विषयातलं उदाहरण घे. १९५४ साली अमेरिकेत बेल लॅब्जने सिलिकॉनचा सोलर सेल दाखवला तो उन्हातली साधारण ६ टक्के ऊर्जा विजेत बदलायचा. त्या दिवशीची स्टेट ऑफ द आर्ट ६ टक्के. आज आपल्या गच्चीवर बसतात ती पॅनेल २० ते २३ टक्क्यांच्या आसपास असतात, नुसत्या सिलिकॉनचा प्रयोगशाळेतला सेल २७ टक्क्यांच्या पुढे गेलाय आणि सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकी पदार्थाचा थर दिलेले सेल ३३ टक्क्यांच्याही पुढे गेलेत. आता ह्यातली स्टेट ऑफ द आर्ट कुठली? तू कशाबद्दल बोलतेयस त्यावर आहे ते. दुकानातल्या पॅनेलबद्दल बोलत असशील तर वेगळी, लॅबबद्दल बोलत असशील तर वेगळी, म्हणून रिपोर्टमध्ये साल आणि हद्द दोन्ही लिहायची असतात.

तुमच्या प्रोजेक्टसाठी मात्र सेलची टक्केवारी उपयोगाची नाही, धूळ काढणं हा विषय आहे. तर पाण्याने धुणं, त्याला किती पाणी लागतं, पॅनेलच्या रांगेवर रुळासारखे बसवलेले कोरड्या ब्रशचे रोबो, त्यांनी काच घासली जाते का, मग २०२२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी पाणी आणि ब्रश दोन्ही न लावता विद्युतभाराने धूळ उडवायची पद्धत मांडली ती, असं सगळं लिही आणि प्रत्येकाशी ते कुठे कमी पडतं तेही लिही. नुसती पेपरांची यादी देऊ नकोस, सर पुन्हा लाल पेन काढतील.

प्रश्न: नमस्कार. मी निफाड तालुक्यात द्राक्षबागायतदार आहे, शेजारीच छोटं वर्कशॉप पण आहे. ट्रॅक्टरच्या फवारणी ब्लोअरला मी एक जोडणी बनवलीय, औषध बरंच वाचतं. पेटंट घ्यायचं म्हणून एकांना भेटलो तर ते म्हणाले आधी प्रायर आर्ट बघावं लागेल. ही कुठली आर्ट? आणि मी व्हिडिओ टाकलाय यूट्यूबवर, त्याने काही फरक पडतो का?

उत्तर: दादा, व्हिडिओने फार मोठा फरक पडतो, म्हणून आधी तेच सांगते. हे वाचून झालं की पहिलं काम म्हणजे व्हिडिओ कुठल्या तारखेला टाकला आणि त्यात जोडणीची आतली रचना किती दिसते हे लिहून ठेवा आणि एखाद्या नोंदणीकृत पेटंट एजंटला जाऊन दाखवा. अर्ज करायच्या आधी जे जगासमोर आलं ते प्रायर आर्टमध्ये जमा होतं, मग ते दुसऱ्याने आणलेलं असो नाहीतर तुम्ही स्वतः. आपल्या कायद्यात सवलती आहेत पण त्या मोजक्याच, उदाहरणार्थ सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात वस्तू मांडली तर बारा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो, यूट्यूबला ती सवलत नाही. व्हिडिओत नुसता ब्लोअर चालताना दिसत असेल आणि आतली युक्ती कळत नसेल तर अजून जागा असू शकते. व्हिडिओनंतर काही सुधारणा केली असेल तर तिच्यासाठी तात्पुरता अर्ज, म्हणजे प्रोव्हिजनल, आधी टाकता येतो आणि पूर्ण अर्ज द्यायला त्यापुढे बारा महिने मिळतात.

तर प्रायर आर्ट म्हणजे त्या तारखेच्या आधी त्या विद्येत जे जे माहीत होतं ते सगळं. युरोपचा पेटंट करार १९७३ साली म्युनिकला झाला त्यात तर ‘स्टेट ऑफ द आर्ट’ हेच शब्द आहेत आणि त्याची व्याख्या दिलीय, अर्जाच्या तारखेआधी लेखी, तोंडी, वापरातून किंवा आणखी कुठल्याही मार्गाने लोकांसमोर आलेलं सगळं. बघा, इथे भारीपणाचा काही संबंधच नाही. गावच्या लोहाराने वीस वर्षांपूर्वी सर्वांसमोर वापरलेली युक्तीही त्यात येते.

सगळीकडे असंच होतं असं मात्र नाही, आणि हळदीच्या केसमध्ये नेमकं तेच आडवं आलं. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला हळदीने जखम भरून आणण्यावर पेटंट मिळालं. आपल्याकडे पोराचा गुडघा फुटला की आई हळद दाबते, कुणाला विचारायची गरज नाही. पण अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात बाहेरच्या देशात लोक एखादी गोष्ट नुसती वापरतात किंवा त्यांना ती माहीत आहे एवढं पुरायचं नाही, ती कुठेतरी छापलेली असावी लागायची. आईच्या डब्यातली हळद कायद्याला दिसतच नव्हती. तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे आपल्या केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते रघुनाथ माशेलकर, गोव्याच्या माशेलचे, त्यांच्या कारकिर्दीत सीएसआयआरने ही लढाई हातात घेतली आणि छापील पुरावे शोधून काढले, जुन्या संस्कृत ग्रंथातला उल्लेख आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला १९५३ सालचा लेख, असे बत्तीस संदर्भ. १९९७ साली अमेरिकेच्या पेटंट ऑफिसने ते दावे रद्द केले. मला ह्या सगळ्यात तो १९५३चा लेख फार मोलाचा वाटतो. कुणीतरी डॉक्टरने घरोघरी चालणारी गोष्ट तपासून, लिहून, छापून ठेवली, आणि चाळीसपेक्षा जास्त वर्षांनी ती साक्षीला उभी राहिली.

त्यानंतर २००१ पासून आपल्याकडे पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी उभी राहिली, पेटंट तपासणाऱ्यांना आपले ग्रंथ त्यांच्या भाषेत बघता यावेत म्हणून. अमेरिकेनेही २०११ साली कायदा बदलून छापील पुराव्याची ती अट काढली. आणि आपल्या पेटंट कायद्यात तर एखाद्या स्थानिक समाजाला तोंडी माहीत असलेल्या गोष्टीवरूनही विरोध नोंदवता येतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी घरीच शोधून बघा. गूगल पेटंट्स फुकट आहे, युरोपच्या पेटंट ऑफिसचं एस्पेसनेट फुकट आहे, आपल्या पेटंट ऑफिसची इनपास साइट आहे. स्प्रेअर, नोझल, एअर असिस्टेड, व्हाइनयार्ड असे शब्द टाकून चित्रं बघत जा, भाषेपेक्षा चित्रावरून लवकर कळतं. स्पेन, इटली, फ्रान्समध्ये द्राक्षबागा प्रचंड आहेत, त्यामुळे तिकडचं जास्त सापडेल. तुमच्यासारखंच काही सापडलं तर नाउमेद होऊ नका, कायदा विचारतो की ह्या विद्येतल्या जाणकार माणसाला तुमची सुधारणा सहज सुचली असती का. सहज सुचण्यासारखी नसेल तर ती तुमची.

प्रश्न: कटिंग एज, लीडिंग एज, ब्लीडिंग एज आणि स्टेट ऑफ द आर्ट हे सगळे एकच ना? ऑफिसमध्ये सगळे कसेही वापरतात. – एक वाचक, ठाणे

उत्तर: एक नाहीत. स्टेट ऑफ द आर्ट म्हणजे आज जे जमतं, तपासलेलं आहे आणि माहीतगार लोक मान्य करतात त्यातलं वरचं टोक. कटिंग एज म्हणजे त्याच्याही पुढचं, अजून नीट पारखलं न गेलेलं, लीडिंग एज साधारण तेच. ब्लीडिंग एज हा शब्द १९८०च्या दशकात लीडिंग एजवरूनच आला, इतकं पुढचं की वापरणाऱ्यालाच कापतं.

ह्याचं सगळ्यात दुःखद उदाहरण म्हणजे कॉमेट विमान. ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीचं कॉमेट २ मे १९५२ ला प्रवासी घेऊन उडालं, जगातली पहिली जेट प्रवासी सेवा. बरोबर एक वर्षाने २ मे १९५३ ला एक कॉमेट कलकत्त्याहून उडाल्यावर वादळात सापडून पडलं, ४३ माणसं गेली. मग जानेवारी १९५४ मध्ये एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळच्या समुद्रात अशी आणखी दोन विमानं आकाशातच फुटली आणि सगळी कॉमेट जमिनीवर बसवली. कारण शोधायला इंग्लंडमध्ये फार्नबरोला एका अख्ख्या विमानाचं धड पाण्याच्या टाकीत बुडवलं आणि आतला दाब वाढवायचा, सोडायचा, पुन्हा वाढवायचा, एकेका उड्डाणात होतं तसं, हे दिवसरात्र केलं. खरी उड्डाणं आणि टाकीतली मिळून साधारण तीन हजार फेऱ्या झाल्यावर ते धड त्यात कापलेल्या एका उघड्या जागेच्या कोपऱ्यातून फाटलं. पुन्हा पुन्हा ताण पडून धातू थकतो हे इंजिनिअरांना माहीत होतं, पण उंचावर उडणाऱ्या, आतून दाब दिलेल्या धडात तो इतक्या लवकर थकेल हे त्या वेळच्या विद्येला माहीत नव्हतं. विमान कटिंग एज होतं आणि स्टेट ऑफ द आर्ट मागे राहिली होती. पुढे १९५८ साली बोइंग ७०७ सेवेत आलं तेव्हा कॉमेटचे धडे सगळ्यांसमोर होते. एअर इंडियाने १९६० साली ७०७ घेतलं, म्हणजे तोपर्यंत जेट ही पारखलेली गोष्ट झाली होती.

युरोपच्या १९८५च्या प्रॉडक्ट लायबिलिटी, म्हणजे सदोष मालाबद्दल उत्पादकाची जबाबदारी ठरवणाऱ्या, निर्देशातही हाच विचार आहे, माल बाजारात आणला तेव्हाच्या विज्ञानाला जो दोष कळणं शक्यच नव्हतं त्याच्याबद्दल उत्पादकाला बचाव मिळू शकतो. तेव्हा ऑफिसात कुणी कटिंग एज म्हणालं की तुम्ही खुशाल विचारा, कुठे किती दिवस वापरून झालंय.

प्रश्न: मुलगा एआयमध्ये आहे, सारखं ‘सोटा, सोटा’ करत असतो. हे तेच का?

उत्तर: हो काकू, तेच, त्याचंच लघुरूप. पण त्यांच्यात अर्थ फार नेमका झालाय, ठरलेल्या परीक्षेत आजवरचा सगळ्यात वरचा मार्क. इमेजनेट नावाची चित्र ओळखायची स्पर्धा होती, २०१२ साली एका नव्या पद्धतीने चुका २६ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणल्या आणि २०१५ साली त्या ४ टक्क्यांच्याही खाली गेल्या. दरवर्षीचा सोटा वेगळा. पण परीक्षा कुठली हे विचारायला हवंच, इंग्रजीच्या परीक्षेत पहिला आलेला मराठीच्या परीक्षेत पहिला येईलच असं नाही. मुलाला हे विचारून बघा, त्याला आवडेल.

प्रश्न: मी जाहिरातींचं आणि प्रेसनोटचं भाषांतर करते, पुण्यात. ह्याला मराठीत काय लिहू? अत्याधुनिक लिहून लिहून कंटाळा आलाय.

उत्तर: वाचणाऱ्यांनाही आलाय. अत्याधुनिक म्हणजे खूप नवीन, अद्ययावत म्हणजे आजपर्यंतचं सगळं ज्यात आलंय असं. मला अद्ययावत जास्त जवळचा वाटतो कारण त्यात ‘आज’ आहे. पण माझं प्रामाणिक मत असं की विशेषण सोडा आणि वस्तू सांगा. ‘अत्याधुनिक एमआरआय’ ऐवजी ‘३ टेस्लाचा एमआरआय, २०२४ साली बसवलेला’ असं लिहा (टेस्ला म्हणजे त्यातल्या चुंबकाच्या ताकदीचं माप), क्लायंटला विचारा, माहिती नसेल तर मिळवून द्या म्हणा. शोधनिबंधाचं भाषांतर असेल तर ‘ह्या विषयातलं आजवरचं काम’ चालतं. पेटंटच्या कागदात मात्र कायद्याच्या मराठीत जी संज्ञा ठरलेली असेल तीच ठेवा, तिथे आपली हौस नको.

प्रश्न: ताई, मी डोंबिवलीचा, बँकेतून रिटायर. बायकोचा गुडघा बदलायचाय. एका हॉस्पिटलच्या माहितीपत्रकात चार ठिकाणी स्टेट ऑफ द आर्ट लिहिलंय, रोबोटिक पण आहे म्हणे. खर्च बराच जास्त सांगतात. विश्वास ठेवावा का?

उत्तर: काका, माहितीपत्रकातल्या शब्दावरून हो किंवा नाही काहीच ठरत नाही, हॉस्पिटल चांगलंही असेल. तुम्ही भेटीला जाल तेव्हा कागदावर प्रश्न लिहून न्या, बँकेत कर्जाची फाईल बघायचात तसं. यंत्र कुठलं, मॉडेल कुठलं, कधी बसवलं. हे डॉक्टर स्वतः वर्षाला अशी किती ऑपरेशनं करतात, त्यातली ह्या यंत्रावर किती. रोबोने केल्याने काकूंना नेमका काय फायदा, तो कुठल्या अभ्यासात दिसलाय आणि किती वर्षांनंतरचा दिसलाय. इन्फेक्शनचं प्रमाण किती, ते नोंदवतात का. यंत्र मध्येच बंद पडलं तर काय करणार. हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएचचं मानांकन आहे का आणि कधीपर्यंतचं. चांगला डॉक्टर ह्या प्रश्नांनी रागावत नाही, उलट खुर्ची पुढे ओढून बोलायला लागतो.

आणि एक लक्षात ठेवा, सर्जरीतला रोबो ही कालची गोष्ट नाही, पोटाच्या ऑपरेशनांसाठी दा विंची यंत्राला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली, गुडघ्याची यंत्रं त्याहून निराळी आणि आपापल्या वेळेला आली. डॉक्टरांच्या भाषेत ह्या बाबतीत जास्त कामाचा शब्द आहे ‘स्टँडर्ड ऑफ केअर’, म्हणजे अशा पेशंटला आज जे द्यायलाच हवं असं सगळे मानतात ते. आधी विचारा की काकूंच्या गुडघ्यासाठी स्टँडर्ड ऑफ केअर काय आहे आणि तुम्ही सांगताय ते त्याच्यापेक्षा कुठे वेगळं आहे. शक्य असेल तर दुसऱ्या ऑर्थोपेडिककडे एक्स-रे घेऊन जा, दुसरं मत घेण्यात संकोच कसला. काकूंना बरं वाटलं की कळवा.

प्रश्न: बायोडेटात ‘स्टेट ऑफ द आर्ट टेक्नॉलॉजीवर काम केलं’ असं लिहू का? – डिप्लोमा, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: नको. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर, काम केलं असेल तर मशीनचं नाव, कंट्रोलर फानुक होता की सीमेन्स, किती मायक्रॉनचं काम काढलंस ते लिही. मुलाखत घेणारा वाळूजच्या एखाद्या प्लांटमधला असेल तर ह्याच तीन गोष्टींवर बोट ठेवून पुढचे प्रश्न विचारेल, त्यांची तयारी करून जा.